रिकाम्या उदराचा भ्रम

सीमेवर तणाव उत्पन्न झाला, अथवा एखाद्या परराष्ट्राने आपल्या मालवाहू विमानातून क्षेपणास्त्रे सोडून दाखविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, की आपल्याकडील लष्करी विषयांत रस घेणाऱ्या मंडळींकडून एक तजवीज ठराविक आवेशाने पुढे मांडली जाते. आपल्या हवाई दलाजवळ शंभराहून अधिक मालवाहू विमाने आहेत, त्यांचे उदर प्रशस्त आहे, ती दूरवर जातात व तासन् तास हवेत राहू शकतात, आणि लढाऊ विमानांच्या तुकड्या मात्र मंजूर संख्येच्या मानाने कमी आहेत. तेव्हा या विमानांच्या कुशीत तोफा का बसवू नयेत, त्यांच्या पंखांखाली क्षेपणास्त्रे का टांगू नयेत, आणि अल्प खर्चात एक नवे संहारक दल का उभारू नये, असा हा युक्तिवाद आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ १९७१ च्या डिसेंबरातील अँटोनोव्ह-१२ विमानांचा दाखला न चुकता दिला जातो. मला या तजविजीचा प्रतिवाद करावयाचा आहे, आणि तोही याच दाखल्याच्या आधारे. कारण तो दाखला नीट वाचला तर तो फिर्यादीच्या नव्हे, प्रतिपक्षाच्या दप्तरात दाखल करण्याजोगा आहे अशी माझी खात्री आहे.

नशिराबादेत राहून या वादात पडण्यास कारण आहे. आमच्या गावाच्या एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला भुसावळ. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, आणि तिच्या पलीकडे वरणगावची, जिच्यात रायफली व मशीनगन यांची काडतुसे तयार होतात. या पट्ट्यातील माणसाला दारूगोळा ही पेटीत भरलेली, वजन करून पावती फाडलेली वस्तू म्हणून ठाऊक असते, आणि म्हणून तिच्याविषयी बोलताना पहिला प्रश्न वजनाचा निघतो. तो प्रश्न सशस्त्रीकरणाच्या पुरस्कर्त्यांनाही विचारून पाहावा. ७.६२ मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे पंचवीस ग्रॅमचे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकनांनी जुन्या डाकोटा विमानाच्या डाव्या कुशीत याच मापाच्या, मिनिटाला सहा हजार गोळ्या झाडू शकणाऱ्या तीन बहुनळी मशीनगन बसविल्या होत्या. अशा एका मशीनगनने पूर्ण वेगाने एक मिनिट मारा केला, तर केवळ काडतुसांचे वजन दीडशे किलो भरते; तिन्ही मिळून साडेचारशे. डाकोटाची माल नेण्याची एकंदर शक्ती तीन टनांच्या आतबाहेर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ते मारा अगदी थोड्या-थोड्या क्षणांचा का करीत आणि त्या विमानात दुसरे काहीही नेण्यास अवकाश का उरत नसे, याचा उलगडा होतो.

विमानाच्या वजनाचा जमाखर्च समजण्यास कठीण नाही, पण तो निर्दय आहे. उड्डाणाच्या क्षणी विमानाचे कमाल वजन किती असावे याची हद्द विमान बांधणाऱ्याने घालून दिलेली असते. तीतून रिकाम्या विमानाचे वजन, कर्मचाऱ्यांचे वजन आणि इंधनाचे वजन वजा जाता जी शिल्लक उरते, तीच काय ती वाहून नेण्याची शक्ती. धावपट्टीवर उभे असलेले, मागचे दार उघडून आतला लांबरुंद कक्ष दाखविणारे विमान पाहणाऱ्याला रिकामे वाटते; परंतु त्या रिकामेपणाचा प्रत्येक किलो इंधन, सैनिक, धान्य, तोफ, जखमी यांपैकी कोणाच्या तरी नावे आधीच मांडलेला असतो. तोफ बसवावयाची म्हणजे केवळ तोफेचे वजन घ्यावयाचे नसते. तिच्या धक्क्याला टिकेल असा मजबूत पाया, त्याखालची पक्की केलेली तळजमीन, लक्ष्य शोधणारी यंत्रे, ती यंत्रे चालविणाऱ्यांची आसने, खालून येणाऱ्या गोळ्यांपासून त्यांचे रक्षण करणारे चिलखत आणि शेवटी दारूगोळा, एवढा सगळा संसार तिच्यामागून येतो. अमेरिकेच्या हर्क्युलिस विमानाच्या सशस्त्र आवृत्तीत १०५ मिलिमीटरची तोफ आहे. तिचा एकेक गोळा काडतुसासह अठरा किलोंच्या घरातला, म्हणजे शंभर गोळ्यांचे पावणेदोन टनांहून अधिक झाले. साधे हर्क्युलिस पाचसहा माणसे चालवितात. सशस्त्र हर्क्युलिसवर तेरा-चौदा माणसे लागत आली आहेत. आणि हे सर्व वजन एका बाजूला, एका जागी पडते, त्यामुळे विमानाचा तोल राखण्यासाठी उरलेला माल कोठे ठेवावा यावरही बंधने येतात.

येथे पुरस्कर्ते म्हणतात की नऊ टन नेणाऱ्या विमानात दोन टनांचे शस्त्र बसविले तर सात टन उरतातच की. हा हिशोब समुद्रसपाटीचा आणि हिवाळ्यातील सकाळचा आहे. हवा तापली की विरळ होते. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तेथील हवेची घनता पंधरा अंशांच्या मानाने सुमारे एक दशांशाने उणी झालेली असते, आणि त्या प्रमाणात पंखांची उचल व इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. उंची वाढली की तेच अधिक तीव्रतेने घडते. लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डीची धावपट्टी पाच हजार मीटरांहून उंचावर आहे; तेथील हवा समुद्रसपाटीच्या हवेच्या तीन पंचमांशाइतकीच दाट. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाचे उड्डाणवजन दोन्ही इंजिने चालू असताना काय साधेल यावरून ठरवीत नाहीत. उड्डाण करीत असतानाच एक बंद पडले तर उरलेल्या एकावर विमान डोंगर टाळून वर चढेल का, यावरून ठरवितात. अशा जागी नऊ टनांची शिल्लक चार टनांवर आली असे समजा. बसविलेल्या शस्त्राचे दोन टन मात्र दोनच राहतात, ते हवेबरोबर विरळ होत नाहीत. म्हणजे मैदानात ज्याने पाचवा हिस्सा घेतला होता तोच डोंगरात निम्मा हिस्सा गिळतो. ज्या ठिकाणी विमानाची गरज सर्वांत अधिक, त्याच ठिकाणी हा कर सर्वांत जड वसूल होतो. रावेर-सावद्याची केळी भरून मुंबईकडे निघालेली मालमोटार आमच्या गावावरून जाते. तिच्या हौद्यात कोणी लोखंडी तिजोरी कायमची जोडून टाकली, तर जोखमीचा ऐवज न्यावयाचा नसेल त्या दिवशीही ती केळीची जागा अडवील आणि डिझेल जाळील.

हे सारे काल्पनिक नव्हे, हे १९६२ च्या ऑक्टोबरात आपण पाहिले आहे. चिनी आक्रमणाच्या ऐन धामधुमीत त्या महिन्याच्या अखेरीस आपल्या हवाई दलाच्या अँटोनोव्ह-१२ विमानांनी २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ जातीचे रणगाडे चुशूलला नेऊन उतरविले. चुशूल सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, तेथील धावपट्टी कच्ची, आणि रणगाडा तेरा-चौदा टनांचा. मैदानात वीस टन उचलणाऱ्या विमानाला त्या उंचीवर या ओझ्यासह उतरणे आणि पुन्हा हवेत उठणे यांसाठी वजनाची किती काटकसर करावी लागली असेल, याची कल्पना करण्यास वैमानिकशास्त्राचे अध्ययन लागत नाही. त्या विमानांच्या कुशीत दोन-तीन टनांच्या तोफा पक्क्या जोडलेल्या असत्या, तर रणगाडा चुशूलला पोचला नसता. आणि तोफा घेऊन आलेले विमान जितका वेळ आकाशात घिरट्या घालू शकले असते तितकाच वेळ त्यांचा उपयोग झाला असता. पूंछच्या वेढ्यात १९४८ साली याच्या नेमके उलट घडले. एअर कमोडोर मेहेरसिंग यांच्या नेतृत्वाखाली डाकोटा विमानांनी शत्रूच्या माऱ्यात, रात्रीच्या अंधारात, त्या तोकड्या धावपट्टीवर पंचवीस पौंडी तोफा उतरविल्या, आणि त्या तोफा विमाने परत गेल्यावरही पूंछचे रक्षण करीत राहिल्या. मालवाहू विमानाचे शस्त्र म्हणजे ते जे मागे ठेवून जाते ते. या एका गोष्टीचे विस्मरण हे त्या संपूर्ण तजविजीचे मूळ आहे असे मला वाटते.

आपल्या इतिहासात हा धडा फार महाग किमतीत शिकविला गेला आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेजवळ तोफा कमी नव्हत्या. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्या काळच्या हिंदुस्थानात उत्तम गणला जाई. उणीव पडली ती रसदेची. गोविंदपंत बुंदेले १७६० च्या डिसेंबरात मारले गेले, दाणागोटा आणणाऱ्या वाटा बंद पडल्या, आणि जानेवारीत जी फौज मैदानात उतरली ती उपाशी होती. तोफेच्या पाठीमागे धान्याची गाडी कोण हाकतो, हा प्रश्न दुय्यम मानणाऱ्या प्रत्येकाने ते दोन महिने आठवावेत.

आता १९७१ चा दाखला. विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली ४४ व्या स्क्वाड्रनच्या अँटोनोव्ह-१२ विमानांनी युद्धाच्या पहिल्याच रात्री पाकिस्तानच्या हद्दीत शिरून लाहोरच्या नैर्ऋत्येच्या चांगामांगा जंगलात दडविलेल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर बाँबवर्षाव केला, पुढे हाजीपीर भागातील तोफखान्यावर केला, आणि वशिष्ठ यांना महावीरचक्र मिळाले. हे शौर्य निर्विवाद आहे, आणि ज्या अधिकाऱ्यांनी ही कल्पना लढवून अल्पावधीत अमलात आणली त्यांच्या प्रज्ञेविषयी मला नितांत आदर आहे. पण ती कल्पना होती काय? त्यांनी विमानाला बाँबफेके बनविले नाही. त्यांनी बाँबना माल मानले, तो माल मालाच्या कक्षात रचला, आणि मागचे दार उघडून तो लक्ष्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी तेच विमान पुन्हा मालवाहू होते; त्याच्या शिलकेतून एक किलोही कायमचा वजा झालेला नव्हता. लक्ष्यही तसेच निवडले होते: विस्तीर्ण जंगलातील साठे, जेथे अचूक नेमाची यंत्रे नसली तरी चालते, वेळ रात्रीची, शत्रूला अपेक्षा नव्हती अशी वाट. या मर्यादा त्या मोहिमेचा दोष नव्हता, तीच तिची बुद्धी होती. त्या मर्यादा पुसून टाकून, ‘त्यांनी केले म्हणून आपणही कायमचे करू’ असे म्हणणे म्हणजे एखाद्या वकिलाने निकालपत्रातील हुकूम वाचावा आणि त्याखालची कारणे वगळावीत तसे आहे.

आणि तोच महिना पुढे वाचावा. त्या बाँबवर्षावानंतर काही दिवसांतच, ११ डिसेंबरला, पूर्व बंगालमधील टांगाईलजवळ पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन आकाशातून उतरली. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. तिच्या नावापुढे तेव्हा कंसात ‘मराठा’ लिहीत. कर्नल पन्नू यांच्या हाताखालील ते जवान, त्यांच्या तोफा, जीपगाड्या व दारूगोळा अँटोनोव्ह-१२, सी-११९, कॅरिबू आणि डाकोटा अशा चार जातींच्या विमानांनी कलाईकुंडा व डमडम येथून नेला. पुंगलीच्या पुलापाशी उतरलेल्या या मराठ्यांना उत्तरेकडून जमालपूर घेऊन आलेल्या १ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, कर्नल ब्रार यांचे जवान येऊन मिळाले, आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. ज्या जातीच्या विमानाने महिन्याच्या आरंभी बाँब टाकले, त्याच जातीच्या विमानाने आठवड्याभरानंतर पलटण उतरविली. हे शक्य झाले ते बाँब टाकूनही विमाने मालवाहूच राहिली म्हणून. बाँबफेकीचा दाखला देणाऱ्यांच्या लेखांत टांगाईलचा उल्लेख मला क्वचितच आढळतो, आणि या वगळण्याविषयी माझी खरी तक्रार आहे.

त्याच युद्धातील दुसरे उदाहरण बांगला मुक्तिवाहिनीच्या हवाई तुकडीचे. नागालँडमधील दिमापूरला उभारलेल्या, किलो फ्लाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या तुकडीजवळ एक डाकोटा, एक ऑटर आणि एक अल्युएट हेलिकॉप्टर होते. ऑटरच्या पंखांखाली अग्निबाण बसविले, लहान बाँब दारातून हाताने लोटावयाचे ठरले. हेलिकॉप्टरच्या तळाला पंचवीस मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा जोडला. या पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा जवळजवळ दोनशे किलो भरतो, म्हणजे तीन माणसांचे वजन. आक्रमक व संरक्षक उपकरणांची किंमत इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. ३ डिसेंबरच्या रात्री या दोन लहान यंत्रांनी चितगाव व नारायणगंज येथील तेलाचे साठे पेटविले. आणि तुकडीतील सर्वांत मोठे विमान, डाकोटा, बाँब नेण्यासाठी सिद्ध करूनही अखेर माणसे ने-आण करण्याकडेच वळविण्यात आले. ज्यांच्याजवळ तीनच विमाने होती त्यांनी शस्त्रे जोडली, कारण दुसरे काही जोडण्यास नव्हते. ज्या राष्ट्राजवळ लढाऊ विमाने आहेत त्याने त्या अगतिकतेचे धोरणात रूपांतर करण्याचे कारण नाही.

सशस्त्र हर्क्युलिसच्या कर्तबगारीचे गोडवे गायले जातात त्याविषयी थोडक्यात. ते विमान लक्ष्याभोवती डावीकडे झुकून वर्तुळ धरते, एकाच उंचीवर, एकाच बाजूला, पुन्हा पुन्हा. म्हणून ते रात्री वापरतात, आणि आकाश आधीच आपल्या ताब्यात असावे लागते. १९९१ च्या आखाती युद्धात खाफजीच्या लढाईत ३१ जानेवारीच्या पहाटे उजेड झाल्यावरही मारा चालू ठेवणारे असे एक विमान खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पडले आणि त्यातील चौदाही जण मृत्युमुखी पडले. ज्या शत्रूंच्या विरुद्ध आपल्याला सिद्ध राहावयाचे आहे त्यांच्या सीमांवरील आकाश तितके निर्वेध मिळेल असे कोणीही जबाबदारीने म्हणू शकणार नाही.

येथवर वाचून कोणी विचारील की मग मालवाहू विमानातून शस्त्र सोडण्याची प्रत्येक कल्पना त्याज्य आहे काय. मुळीच नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये आणि पुढील वर्षी नॉर्वेच्या आकाशात ज्या पद्धतीची चाचणी घेतली, तीत लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे चौकटीत रचून, पॅराशूटच्या साहाय्याने मागच्या दारातून सोडली जातात आणि मग ती स्वतःच्या इंजिनावर निघून जातात. विमानात काहीही कायमचे बसविले जात नाही. अमेरिकी मरीन दलाने आपल्या हर्क्युलिसवर शस्त्रे व दुर्बिणी यांचा जो संच वापरला, तोही काढता-घालता येण्याजोगा होता. ही दोन्ही उदाहरणे पुरस्कर्ते आपल्या बाजूची समजतात. वस्तुतः ती चांगामांगाच्याच वंशातली आहेत, बाँबला माल मानणारी. त्यांना माझा विरोध नाही, उलट आपल्याकडे असा प्रयोग व्हावा असेच मी म्हणेन. माझा विरोध आहे तो तळजमिनीला खिळे ठोकण्याला.

आणि कायमचे वजन सोसावेच लागणार असेल, तर ते कोठे सोसावे याविषयीही मत द्यावयास हवे. श्रीलंकेच्या हवाई दलाची दोन अॅव्हरो विमाने १९९५ च्या एप्रिलच्या अखेरीस लागोपाठच्या दोन दिवसांत पलालीजवळ क्षेपणास्त्रांनी पाडली गेली. ती विमाने शस्त्र चालवीत नव्हती, माणसे वाहून नेत होती. क्षेपणास्त्राची आगाऊ सूचना देणारी यंत्रे, त्याला भुलविणाऱ्या ज्वाला, वैमानिकांच्या आसनांभोवतीचे हलके कवच, यांचे वजनही शिलकेतूनच जाते, पण ते विमानाचे मूळ काम अधिक काळ चालू ठेवण्यासाठी जाते. त्या शेदोनशे किलोंविषयी कोणी कुरकुर केली तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

खर्चाचा मुद्दा अजून राहिला, कारण तजविजीचा पाया ‘अल्प खर्च’ हाच आहे. जुन्या अॅव्हरो विमानांच्या जागी येणाऱ्या सी-२९५ जातीच्या ५६ विमानांचा करार २०२१ च्या सप्टेंबरात झाला. सोळा स्पेनहून तयार यावयाची व चाळीस वडोदऱ्यास बांधावयाची. पहिले विमान २०२३ साली स्पेनमधील सेव्हिल येथे तेव्हाचे हवाई दलप्रमुख, आपल्या नांदेड जिल्ह्याचे सुपुत्र विवेक राम चौधरी यांनी स्वीकारले. याच जातीच्या विमानाचे शस्त्रसज्ज रूप परदेशी बाजारात दाखविले जाते, आणि म्हणूनच आपल्याकडील काही विमाने तशी करून घ्यावीत अशी सूचना कानावर येऊ लागली आहे. छप्पन ही संख्या बदली विमानांची आहे. जितकी अॅव्हरो गेली तितकीच येणार. त्यांतून आठ-दहा तोफांसाठी बाजूला काढली तर ती मालवाहतुकीतून कायमची गेली, त्यांच्या जागी नवी घ्यावी लागतील, आणि ‘अल्प खर्च’ त्या नव्या खरेदीच्या रकमेत निघून जाईल. गलवाननंतर लडाखमध्ये ६८,००० हून अधिक सैनिक आणि सुमारे नव्वद रणगाडे हवाई मार्गाने नेण्यात आल्याची माहिती २०२३ च्या ऑगस्टात प्रसिद्ध झाली. ती वाहतूक करणाऱ्या विमानांत एकही जादा नव्हते. तेव्हा संरक्षण खात्याच्या ज्या कोणा अधिकाऱ्याच्या मेजावर सशस्त्रीकरणाची कैफियत येईल, त्याने मंजुरीची सही करण्यापूर्वी दोन आकडे लेखी मागवावेत: शस्त्रसंच पूर्ण उतरविल्यावर विमानात किती किलो वजन मागे उरते, आणि तो उतरविण्यास किती तास लागतात. पहिला आकडा शंभराच्या पुढे गेला, किंवा दुसरा एका रात्रीपेक्षा मोठा निघाला, तर ती कैफियत दप्तरदाखल करावी.